राजेसाहेबांची झिलई

आमच्या व्याह्यांना भेटून ताजातवाना परतलेला एक तरी माणूस अजमानपासून जेबेल अलीपर्यंत कोणी मला दाखवावा, मी माझी सगळी हत्यारं त्याच्या पायाशी ठेवीन. माझ्या हत्यारांना मी सख्ख्या मुलालाही हात लावू देत नाही, हे ध्यानात ठेवून पुढे वाचा. उन्हात राबलेला माणूस सावलीत बसला की हुशार होतो. व्याह्यांनी दमवलेल्या माणसाला सावलीचा उपयोग नाही, कारण व्याही त्याच सावलीत बसलेले असतात आणि त्यांचं बोलणं अजून निम्म्यावर आलेलं नसतं. अकरा वर्षं मी हे सोसलं. शेजारी असते तर दार लावलं असतं, दोस्त असते तर भांडलो असतो. पण सुनेचा बाप. त्याला "या, बसा" म्हणावंच लागतं, आणि ते तर आपण म्हणायच्या आधीच बसलेले असतात.

मी शिकलेला नाही. हर्णैच्या बाजूला चौथीपर्यंत गेलो, मग शाळेने मला सोडलं आणि मी शाळेला. पण दगड मला वाचता येतो. अरबांच्या मुलुखात येऊन, देऱ्यात सोन्याच्या बाजारामागच्या एका गल्लीत चौतीस वर्षं मी दगड घोटले. पन्ना, माणिक, फिरोजा, अकीक. मेलेला म्हणून बाजूला टाकलेला दगड माझ्या चकतीवरून उतरला की त्यात तोंड बघून दाढी करावी. मला 'उस्ताद' म्हणतात ते बाजाराने दिलेलं नाव आहे, कुठल्या सर्टिफिकेटाने नाही. आता मुलाकडे डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो. बायको गेली. चकती बाल्कनीत आहे, तिच्यावर सूनबाई कपडे वाळवायचा स्टँड टेकवून ठेवतात. माझे हात थरथरतात असं मुलाचं म्हणणं आहे. माझं नाही.

व्याही श्रीवर्धनचे, मॅट्रिक झालेले. खाडीवरच्या एका शिपिंग ऑफिसात त्यांनी उमर घातली आणि मग अजमानला मुलाकडे राहायला गेले. सरकारने शुक्रवारची सुट्टी काढून शनिवार-रविवारची केली, ती ऑफिसांनी मानली, शाळांनी मानली, व्याह्यांनी मानली नाही. "सुट्टी म्हणजे जुम्मा. बाकी सगळी रजा," असं म्हणून ते दर शुक्रवारी सकाळी अजमानहून डबा घेऊन निघायचे. आमच्याकडे मुलगा कामावर, सूनबाई कामावर, नात सना दुपारपर्यंत शाळेत. घरात मी एकटा. म्हणजे चाळीस-पन्नास मैलांवरून सुटलेली ती तोफ थेट माझ्यावर येऊन पडायची. तीसुद्धा वेळेवर नाही. बसमध्ये, मेट्रोत शेजारी बसलेल्या माणसाला गाव विचारल्याशिवाय त्यांना प्रवास घडत नसे, आणि समोरच्याची गोष्ट पुरी झाल्याशिवाय उतरता येत नसे. एकदा एका पेशावरच्या ड्रायव्हरने बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगायला घेतली. आमचं स्टेशन आलं तेव्हा वरात दारातसुद्धा आली नव्हती. व्याही त्याच्याबरोबर पुढे गेले, तो उतरला तिथे उतरले, त्याच्या खोलीवर चहा पिऊन असरच्या नमाजाला, ऊन कलल्यावर, आमच्याकडे उगवले. डब्यातली सांदणं आंबली होती. मी भुकेने तडकलो होतो. तर म्हणतात कसे, "उस्ताद, नवरा मुलगा भला निघाला. तुम्ही काळजी करू नका."

दुसरी खोड याहून दमवणारी. सापडलेली वस्तू ज्याची त्याला पोचवणे. "ज्याचं त्याला पोचलं पाहिजे, उस्ताद," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत उठवलंत तरी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवीन. बसमध्ये एकदा त्यांना लहान मुलाचा एक बूट सापडला. एकच. दुसरा कोणी असता तर सीटखाली सारला असता. व्याह्यांनी तो बोटाला अडकवला आणि महिनाभर त्याच वेळच्या त्याच बसने फिरले, चढणाऱ्या प्रत्येक बाईला बूट दाखवत. दोन बायका घाबरून उतरल्या. शेवटी एक केरळी बाई सापडली, बूट तिच्या पोराचाच, पण तोवर तिने घरातला दुसरा फेकून दिला होता. दोन जुम्मे व्याही उदास होते. "एक माझ्याकडे होता, एक तिच्याकडे होता," म्हणायचे, "जरा धीर धरला असता तर जोडी झाली असती. माणसं धीरच धरत नाहीत." मी म्हटलं, "व्याहीसाहेब, पोराचा पाय एव्हाना वाढला असेल." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जसा काही तो पाय मीच वाढवला.

आता राजेसाहेबांचं. व्याही नोकरीत असताना एक माल-जहाज बंदराबाहेर उभं राहिलं होतं. मालकाने हात वर केले, खलाशी आत अडकले, ना पगार ना तिकीट. व्याह्यांच्या ऑफिसला त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, पण व्याह्यांना कधी कशाशी घेणंदेणं नसतं असं झालेलं नाही. दर जुम्म्याला ते होडीवाल्याला पटवून जहाजावर डबा पोचवायचे. त्या खलाशांत एक बुटका भटारी, म्हणजे स्वयंपाकी, होता, पार जगाच्या दुसऱ्या टोकाच्या ग्वाटेमाला नावाच्या मुलुखातला. आठ महिन्यांनी कोणीतरी त्यांची तिकिटं काढली. जाताना त्या भटाऱ्याने खिशातून एक हिरवा दगड काढून व्याह्यांच्या हातावर ठेवला. मक्याच्या शेतात त्याच्या आजीला नांगरताना मिळालेला, म्हणाला. त्याच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. व्याह्यांनी नको नको म्हटलं, त्याने त्यांची मूठ मिटवली आणि गेला. मग तो दगड चष्म्याच्या जुन्या डबीत घालून व्याह्यांनी कपाटात ठेवला आणि वीस वर्षं विसरले. ज्याचं त्याला पोचवणारा माणूस हे एवढं कसं विसरला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ते मला दिलेलं होतं ना. सापडलेलं नव्हतं."

वीस वर्षांनी एका शुक्रवारी ते सनाला खेळायला म्हणून ती डबी घेऊन आले. सना तेव्हा दहा वर्षांची; त्यांना नाना म्हणते, मला दादा. तिला आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा कायदा आहे. तिने दगड पाहिला, टॅबलेटवर बोटं फिरवली आणि ओरडली, "नाना! धिस इज अ किंग! माया किंग! इट्स जेड!" पडद्यावर तसाच हिरवा दगड, तसाच माणूस. अर्ध्या तळहाताएवढ्या पातळ चिपेवर बाजूने दाखवलेला चेहरा. कपाळ मागे झुकलेलं, नाक पोपटाचं, कानात पुरीएवढी गोल भूषणं, डोक्यावर पिसांचा मुकुट इतका मोठा की मान कशी तग धरते बघावं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्या मुलुखातले राजे असले दगड छातीवर लटकवायचे, असं सना वाचत होती. व्याही उभे राहिले. डबी दोन्ही हातांत धरली. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उस्ताद, भटारी बिचाऱ्याला माहीतच नव्हतं त्याने काय दिलं. हे आता मला दिलेलं राहिलं नाही. हे सापडलेलं झालं."

मला तेव्हाच कळलं की आता आपली खैर नाही.

त्या दिवसापासून दगड 'राजेसाहेब' झाला. राजेसाहेब डबीसकट जेवताना आमच्या दस्तरखानावर बसू लागले, तोंड खिडकीकडे करून, कारण त्यांना एसीचा वारा सोसत नाही असं व्याह्यांचं निदान होतं. मेट्रो उंचावरून जाते तिथे डबी उघडून ते राजेसाहेबांना शहर दाखवायचे. नमाजची वेळ झाली की डबी मिटायची, "पाच मिनिटं, राजेसाहेब," आणि सलाम फिरवून उठले की परत उघडायची. अजमानच्या न्हाव्याला त्यांनी माया लोकांविषयी एवढं सांगितलं की तो वस्तरा हातात घेऊन ऐकतच राहिला आणि व्याही एका बाजूची मिशी कापलेली तशी घेऊन आमच्याकडे आले. सना त्यांना पानंच्या पानं वाचून दाखवायची, ते मला सांगायचे. त्या लोकांकडे लोखंड नव्हतं, दोरी आणि ओली वाळू लावून ते दगड कापत. हिरवा म्हणजे त्यांच्या लेखी मक्याचं पातं, पाणी, श्वास. राजा मेला की त्याच्या तोंडात हिरवा मणी ठेवत. असंच आणखी बरंच काही. मी "हां, हां" म्हणत होतो. खरं सांगायचं तर मी दमलो होतो. कानाला मी आतून कडी घातली होती, तोंड तेवढं हलत होतं. त्या कडीने काय केलं ते पुढे येतंय.

सनाकडून त्यांनी पत्रं लिहवून घेतली. राजेसाहेबांना त्यांच्या गावी पोचवायचं, बस. विकायचं नाही, बक्षीस नको, पेपरात फोटो नको. जिकडेतिकडे लिहिल्यावर शेवटी एका म्युझियममधल्या बाईंचं उत्तर आलं. म्युझियमचं नाव मी लिहीत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. बाईंनी कळवलं होतं की वस्तू घेऊन या, बघू. ती खरोखर जुनी आहे असं ठरलं, तर त्या देशाला परत पाठवायची वाट आहे. नाही ठरलं, तर बाजारात पर्यटकांसाठी असले राजे ढिगाने करतात, त्यांना कोणी परत घेत नाही. सगळं काही त्या एका गोष्टीवर होतं. जुना की नवा.

भेटीच्या आधीच्या शुक्रवारी व्याह्यांनी डबी माझ्यापुढे ठेवली. "उस्ताद, तुम्ही एकदा बघून ठेवा. दगड खरा की काच, तेवढं सांगा. बाईंपुढे मी अडाणी ठरायला नको." आणि उठता उठता, चपला घालताना, सहज म्हणाले, "हात चालतात ना अजून?"

ते सहज म्हणाले. मला सहज लागलं नाही.

ते गेल्यावर मी स्टँड बाजूला केला आणि बाल्कनीत बसलो. दगड गालाला लावला. थंड, आणि थंडच राहिला. काच असती तर अंगाची ऊब तिने पटकन घेतली असती. पोलादी सुई चालवली, सुई झिजली, दगडावर रेघ नाही. मग भिंग लावलं. मी पुष्कळ काम पाहिलंय, पण ते काम वेगळं होतं. चाकाची खाच सरळ आणि तिचा तळ सपाट. इथे प्रत्येक खाचेचा तळ किंचित वाकलेला, झोळीसारखा, जसं काही दोरी ओढून ओढून कापलंय. लटकवायचं भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं, मध्यात केसभर चुकलेलं. ज्याने केलं त्याने चूक झाल्यावर हात थांबवून दम खाल्लेला मला दिसला. कारागिराला कारागीर दिसतो, मग तो कुठल्या का काळातला असेना. आणि खाचाखाचांत मळ, पांढरट मातीचा, आणि मुकुटाच्या पिसांत, ओठांच्या कोपऱ्यात, हिंगुळासारखं तांबडं काहीतरी घट्ट बसलेलं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. गिऱ्हाइकाचा दगड मळका परत द्यायचा नाही. नुसता दाखवायला आणलेला असला तरी नाही. माझा उस्ताद म्हणायचा, मळका दगड परत देणं म्हणजे पाहुण्याला पाणी न विचारता घालवणं. आणि इथे तर व्याह्यांचा राजा, मोठ्या बाईंपुढे जायचा. नऊ वर्षांत मला कोणी काम दिलं नव्हतं. मी चकती लावली.

तीन दिवस मी बाल्कनीतून उठलो नाही. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, थंडी वाजेल," मी म्हटलं, "तुमचे कपडे आत वाळवा." सोड्याच्या पाण्यात ब्रश बुडवून मळ काढला. तांबडं निघेना, ते सुईच्या टोकाने कणकण उकरलं. मग लाकडाच्या काड्या तासून, त्यांना हिऱ्याची पूड लावून एकेक खाच घोटली. पिसं, नाक, पापणी. हात थरथरला नाही. एकदाही नाही. शेवटी चामड्यावर झिलई दिली तेव्हा राजेसाहेब पावसात भिजलेल्या केळीच्या पानासारखे उजळले. सना शेजारी स्टुलावर बसून बघत होती. ती म्हणाली, "दादा, आर यू शुअर?" मी म्हटलं, "तू बघत राहा, तुझे नाना नाचतात की नाही." उकरलेलं तांबडं कागदाच्या पुडीत बांधून मी हत्यारांच्या खणात टाकलं. त्यात काही विचार नव्हता. सोन्याच्या बाजारात जमिनीवरची धूळसुद्धा फेकत नाहीत, झाडून जपून ठेवतात. ती खोड हाताला लागलेली.

गुरुवारी सकाळी व्याही आले. सनाला थंडीची सुट्टी होती, तीही आमच्याबरोबर यायची होती. मी डबी पुढे केली आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. त्यांनी उघडली. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा माझे व्याही गप्प झाले.

मग त्यांनी दगड खिडकीशी नेला, फिरवला, मुकुटाच्या पिसांवरून अंगठा नेला. मग वळून हसले. "वा, उस्ताद. राजेसाहेब न्हाऊन आले." एवढंच. मला वाटलं, मॅट्रिक माणसाला कामाची कदर काय कळणार. मी रुसलो.

बाईंनी हातमोजे घातले, दिवा ओढला, भिंगाखाली खूप वेळ पाहिलं. बोलत होत्या इंग्रजीत, सना आम्हाला तिच्या मोडक्या मराठीत सांगत होती. दगड खरा आहे. कोरणाऱ्याचा हात चांगला आहे. पण प्रत्येक खाच आत्ताआत्ता घोटलेली आहे, आजच्या पुडीने. जुन्या हत्याराची खूण होती की नव्हती, आता सांगता येत नाही. माती नाही. आणि मग बाईंनी विचारलं की यात तांबडं काही होतं का. असला दगड राजाबरोबर पुरताना ते लोक एक तांबडी पूड शिंपडत, ती खाचांत राहते.

सनाने ते मराठीत सांगितलं आणि माझ्या कानाची कडी आपोआप निघाली. हे मी ऐकलं होतं. हे व्याह्यांनी मला दस्तरखानावर, जिन्यात, मशिदीच्या दारात, चाळीस वेळा सांगितलं होतं. "ते तांबडं दिसतंय ना, उस्ताद, तोच राजेसाहेबांचा पासपोर्ट." मी "हां, हां" म्हणालो होतो आणि सांदणं खाल्ली होती.

"हू क्लीन्ड धिस?" बाईंनी विचारलं. याला मराठीची गरज नव्हती.

मी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेलो होतो. बाईंना माझं काम दिसावं, कोणी केलं म्हणून विचारावं, म्हणूनच घातला होता. त्यांनी विचारलं. मी सदऱ्याची बाही ओढत राहिलो.

"मी, मॅडम," व्याही म्हणाले. "आय ओन्ली. वॉशिंग. टूथपेस्ट."

सना म्हणाली, "बट नाना, दादा वॉज..."

"सना, बेटा, बाहेरून पाणी आण जरा. घसा सुकला."

बाईंनी व्याह्यांना पुन्हा विचारलं, "रेड? वॉज देअर रेड?"

"येस मॅडम. रेड वॉज. बेसिनमध्ये गॉन. खलास."

मग सना पाणी घेऊन आली तरी बाई त्यांना समजावतच होत्या, लहान पोराला समजावतात तशा. जुनी वस्तू कधी धुवायची नसते, पुसायचीसुद्धा नसते. आणि तो माणूस, जो बोलायला लागला की अजमानचे न्हावी वस्तरा विसरत, तो मान खाली घालून "सॉरी मॅडम, येस मॅडम" करत होता. पुडी माझ्या खणात होती. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. अमुक कारणाने बोललो नाही असं सांगत नाही, ते तुम्हाला कळतंय आणि मलाही कळत होतं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "दगड खरा आहे म्हणाल्या ना?"

"तर! मी सांगत नव्हतो?" व्याही म्हणाले. "आणि म्हणाल्या, अशी झिलई आपण पाहिली नाही."

"शी डिडन्ट से दॅट," सना म्हणाली.

"तू पाणी आणायला गेली होतीस, बेटा."

मी वाट बघत होतो की ते रागावतील. एक टोमणा तरी मारतील. पुढच्या जुम्म्याला ते डबा घेऊन आले, राजेसाहेबांना खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि शारजाच्या कुठल्याशा माणसाच्या बोकडाची गोष्ट सांगायला लागले. त्यानंतरच्या जुम्म्यालाही तेच. रागावले असते तर मी भांडलो असतो, भांडणात सगळं बोलून गेलो असतो. पण हा माणूस मला जागाच देईना. मी तर आणखीच दमलो. आधी त्यांच्या बोलण्याने दमत होतो, आता ते जे बोलत नव्हते त्याने.

उन्हाळ्याआधी त्यांच्या मुलाच्या कंपनीने अजमानचं काम गुंडाळलं. मुलाला दुसऱ्या देशात नोकरी मिळाली, बापाचा व्हिसा त्याच्याबरोबर संपला. व्याही श्रीवर्धनला निघाले, कायमचे. सामान किती म्हणाल तर दोन बॅगा, आणि त्यातली एक लोकांना पोचवायच्या वस्तूंची. एअरपोर्टला निघण्याआधी ते आमच्याकडे आले. सूनबाई रडत होत्या. व्याह्यांनी डबी माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली.

"मी पोचलो," म्हणाले. "यांना अजून पोचायचंय."

"व्याहीसाहेब," मी म्हटलं, "ते तांबडं..."

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि मला मिठी मारली. पुढे बोलूच दिलं नाही. लिफ्टमध्ये शिरताना शेजारच्या फिलिपिनो बाईला तिचं गाव विचारत होते.

शुक्रवारची दुपार ही काय चीज असते, ते मला त्यानंतर कळलं. दोन जुम्मे मी काढले. तिसऱ्याला सना शाळेतून आली तेव्हा मी तोच पांढरा सदरा घालून बसलो होतो. म्हटलं, "त्या बाईंना लिही. दादा येतोय. आणि तू बरोबर चल, पण या खेपेला मी सांगेन ते सांग, तुझ्या मनचं नको."

"माझ्या मनचं मी कधी सांगितलं?" ती म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणजे रागावली होती.

बाईंच्या टेबलावर मी आधी डबी ठेवली, मग पुडी. म्हटलं, "घोटलं मी. तो माणूस खोटं बोलला. माझ्यासाठी बोलला." सनाने सांगितलं. बाईंनी पुडी चिमट्याने उघडली, भिंगाखाली धरली. मग म्हणाल्या की दगडावरून उतरलेलं तांबडं दगडावरच्या तांबड्याएवढी साक्ष देत नाही, पण तपासून बघू. आणि घोटायच्या आधी तुम्ही काय पाहिलं ते आठवतं का? मला हसू आलं. बायकोचा चेहरा हल्ली मला अर्धवट आठवतो, पण माझ्या हाताखालून गेलेली खाच मी विसरत नाही. मी सांगायला लागलो. कुठल्या पिसात किती तांबडं होतं, दोरीचा तळ कसा झोळीसारखा, भोक कुठे केसभर चुकलं, तिथे त्याने कसा दम खाल्ला. कागद घेऊन चित्र काढून दिलं. बाई लिहीत होत्या, विचारत होत्या, परत लिहीत होत्या. बाहेर आलो तेव्हा असर होऊन गेली होती. इतका वेळ माझं कोणी ऐकलं नव्हतं. सना म्हणाली, "दादा, यू साउंडेड लाइक नाना."

राजेसाहेब तिथेच ठेवून घेतले. फॉर्म भरायचा होता. 'मालक' असं जिथे होतं तिथे मी सनाला काही लिहू दिलं नाही. आणणाऱ्याच्या जागी व्याह्यांचं नाव घातलं. साफ कोणी केलं, तिथे माझं, आणि खाली मी सही केली. चौथी पास माणसाची सही, पण वाचता येते.

निकाल अजून आलेला नाही. कागद फिरताहेत, म्हणतात. राजांचेसुद्धा कागद आपल्यासारखेच फिरतात.

व्याह्यांना मी हे सगळं फोनमध्ये बोलून पाठवलं. मला ते बटण दाबून बोलणं जमत नाही, चार वेळा तुटलं. त्यांचं उत्तर आलं ते अकरा मिनिटांचं. त्यात राजेसाहेबांविषयी सुरुवातीला एकच वाक्य होतं: "उस्ताद, ज्याचं त्याला पोचलं." राजा तर अजून तिथल्याच कपाटात आहे, मग पोचलं काय, हे मी विचारलं नाही. पुढची सगळी मिनिटं श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर सापडलेल्या एका छत्रीची होती. कुणाची ते कळेना, दांड्यावर नुसतं 'म' कोरलेलं, मग हे 'म' नावाच्या प्रत्येक माणसाच्या दारी छत्री घेऊन चाललेत. मारुती झाला, मुमताज झाली, महादेव झाला, एका मकबूलने चहा पाजला.

आता दर शुक्रवारी त्यांचा असा एक मेसेज येतो. मी जुम्म्याची नमाज पढून येतो, खिडकीपाशी बसतो, फोन दस्तरखानावर ठेवतो आणि डोळे मिटतो. सना शाळेतून येते, दप्तर टाकते, माझ्याकडे बघते.

"दादा, आर यू स्लीपिंग?"

"नाही," मी म्हणतो. "ऐकतोय."